आवर्तसारणी पाठ करू नका, वाचा!

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर चौकोनांचा एक मोठा रंगीत तक्ता टांगलेला असतो. प्रत्येक चौकोनात एक-दोन इंग्रजी अक्षरे आणि काही आकडे. दहावीतली आपली मुले-मुली त्याच्याकडे पाहून धास्तावतात आणि पाठांतराला लागतात. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... वीसपर्यंत कसेबसे जाते, पुढे गाडी अडते. या तक्त्याचे नाव आवर्तसारणी. वाचकहो, आमचे म्हणणे एवढेच की ही पाठ करण्याची वस्तूच नाही. एसटीचे वेळापत्रक कोणी पाठ करत नाही. गाव कुठल्या ओळीत आणि गाडी कुठल्या रकान्यात एवढे कळले की काम होते. तसेच हे आहे. ज्याला ही सारणी वाचता येते त्याला परीक्षेत चार गुण मिळतातच; शिवाय घरातले मीठ, नळाचे पाणी, भंगारातली बॅटरी यांच्याविषयीही शहाणपण येते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे दुसरेच प्रकरण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र ते वगळले गेले आणि २०२३ साली त्यावर देशभर गदारोळ झाला. अकरावीत ते आहेच, असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नाही. पण दहावीनंतर जो मुलगा आयटीआयला जातो, जी मुलगी कॉमर्स घेते किंवा घरच्या अडचणीमुळे कामाला लागते, त्यांची अकरावीच्या रसायनशास्त्राशी गाठ कधी पडायची? कामगार वस्त्यांत अशीच मुले जास्त असतात. आणि कारखान्यात, गटारात, भंगाराच्या गोदामात या मूलद्रव्यांशी प्रत्यक्ष हात घालावा लागतो तोही त्यांनाच. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. जगातली प्रत्येक वस्तू मूलद्रव्यांची बनलेली आहे. आजवर ११८ मूलद्रव्ये माहीत झाली आहेत. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू असतो, अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात प्रोटॉन असतात. प्रोटॉन जितके, तितका त्याचा अणुअंक. सोडियमचे ११, क्लोरीनचे १७. केंद्रकाभोवती तितकेच इलेक्ट्रॉन कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कवचांत असतात. आतली कवचे भरलेली असतात. बाहेरच्या जगाशी देवघेव करते ते सर्वांत बाहेरचे कवच.

हिशेबाची वही सांभाळणाऱ्याला पुढचे चटकन कळेल. सारणीत आडव्या ओळी ७ आहेत, त्यांना आवर्त म्हणतात. उभे रकाने १८ आहेत, त्यांना गण म्हणतात. आवर्ताचा क्रमांक सांगतो की अणूला कवचे किती. गण सांगतो की बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन किती. पहिल्या गणात एक, दुसऱ्यात दोन. मधले दहा रकाने ओलांडून तेराव्यात तीन, चौदाव्यात चार, असे करत सतराव्यात सात आणि अठराव्यात आठ. (हेलियम तेवढा अपवाद, त्याच्याकडे दोनच आहेत.) बाहेरचे कवच पूर्ण व्हावे याकडे प्रत्येक अणूचा कल असतो. सोडियमकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. सोडियमने एक नावे टाकला, क्लोरीनने जमा केला, दोन्हीकडचा हिशेब जुळला. तयार झाले ते आपल्या डब्यातले मीठ.

उभ्या रकान्यातल्या मंडळींचे बाहेरचे कवच सारखे, म्हणून स्वभाव सारखा. पहिला गण पाहा : लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. सगळे सुरीने कापता येतील असे मऊ धातू, सगळे पाण्याशी भांडणारे. पण खाली जाल तसे कवच वाढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो आणि सहज सुटतो. म्हणून लिथियम पाण्यात नुसता बुडबुडे काढतो, सोडियम सुसाट धावतो, पोटॅशियम जांभळट ज्वाळेने पेट घेतो आणि सीझियमचा स्फोट होतो. वितळण्याचे तापमानही उतरत्या भाजणीने जाते : लिथियम १८०, सोडियम ९८, पोटॅशियम ६३, रुबिडियम ३९, सीझियम २८ अंश सेल्सिअस. नागपूरच्या मे महिन्यात सीझियम बंद नळीत ठेवला तर तो पातळच राहील.

मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतो, कारण तो सर्वांत हलका धातू. सोडियमच्या बॅटऱ्याही आता बाजारात येऊ लागल्या आहेत. सोडियमच कसा सुचला, असे मुलांनी विचारले तर सारणीवर बोट ठेवून दाखवा : लिथियमच्या खालचे घर.

सतरावा गण तर आपल्या घरातच नांदतो. वरून खाली फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव, आयोडीन काळपट जांभळा स्थायू. उकळण्याचा बिंदू उणे १८८, उणे ३४, अधिक ५९ आणि १८४. किती शिस्तीने चढतो पाहा! या सर्वांना एक-एक इलेक्ट्रॉन हवा असतो, म्हणून सगळे दुसऱ्याकडून ओढून घेणारे. येथे मात्र वरचा अधिक जोरकस, कारण लहान अणूचे केंद्रक बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला जवळून ओढते. धातूंत देण्याचे सामर्थ्य खाली वाढते, अधातूंत घेण्याचे सामर्थ्य वर वाढते. परीक्षेत मुले हमखास घोटाळतात ती याच जागी.

हे चौघेही जंतूंना मारक आहेत, पण औषधाचे माप सांभाळावे लागते. पाण्याच्या टाकीत ग्रामपंचायतीचा माणूस जी टीसीएल पावडर टाकतो तिचे काम क्लोरीन करतो. जखमेवरच्या टिंक्चरमध्ये आयोडीन, मिठात गलगंड होऊ नये म्हणून घातलेले तेही आयोडीनच. टूथपेस्टमध्ये थोडे फ्लोराइड दातांना बळकटी देते. तेच चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावी बोअरच्या पाण्यात जास्त उतरते, तेव्हा मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे-सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक सांगते. आणि भगिनींनो, बंधूंनो, एक गोष्ट आजच घरात सांगून ठेवा : संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो फुप्फुसे जाळतो. सफाईचे काम करणाऱ्यांना ही माहिती कामावर घेतानाच द्यायला हवी. ती देण्याची तसदी किती ठिकाणी घेतली जाते, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता आडवी ओळ. तिसरे आवर्त घ्या, ते सगळे ओळखीचे आहे. मिठातला सोडियम, फटाक्यात पांढरा लख्ख उजेड पाडणारा मॅग्नेशियम, भांड्याचे ॲल्युमिनियम, वाळूतला आणि मोबाइलच्या चिपमधला सिलिकॉन, काडेपेटीच्या घासायच्या पट्टीवरचा फॉस्फरस, गंधक, क्लोरीन आणि शेवटी आर्गॉन. वेल्डरच्या घरी आर्गॉन काय ते सांगायला नको. या आठही जणांना कवचे तीनच. पण डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते आणि अणू आवळला जातो. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. (एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे पिकोमीटर.) इलेक्ट्रॉन वाढूनही अणू लहान होतो, हे ऐकून मुले चकित होतात. होऊ द्यावे. चकित झालेले मूल विसरत नाही.

ओळीच्या डाव्या टोकाला पक्के धातू, उजवीकडे अधातू, मध्ये सिलिकॉनसारखा दोन्हीकडचा. सोडियमच्या ऑक्साइडचे पाण्यात कॉस्टिक होते, गंधकाच्या धुराचे पाण्यात आम्ल होते. मधल्या ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मात्र आम्लाशीही झगडते आणि कॉस्टिकशीही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचे सारही जास्त वेळ ठेवू नये आणि धुण्याचा सोडाही ठेवू नये, याचे कारण त्याच्या या मधल्या जागेत आहे. आईला अनुभवाने माहीत असते. सारणी कारण सांगते.

परीक्षेत प्रश्न येतो तो तुलनेचा. मॅग्नेशियम व पोटॅशियम, कोणाचा अणू मोठा? पाठांतर करणारा येथे अडतो. वाचणारा आधी दोघांची घरे पाहतो. मॅग्नेशियम तिसऱ्या ओळीत दुसऱ्या रकान्यात. पोटॅशियम चौथ्या ओळीत पहिल्या रकान्यात. म्हणजे एक घर डावीकडे आणि एक घर खाली. डावीकडे गेले की अणू वाढतो, खाली गेले की वाढतो. दोन्ही बाजूंनी कौल एकच, पोटॅशियम मोठा. फॉस्फरस व फ्लोरीन यांत अधिक अधातू कोण? फ्लोरीन वर आहे आणि उजवीकडेही आहे. संपले. पण लिथियम व मॅग्नेशियम विचारले तर? एक घर खाली गेलो, अणू वाढला. एक घर उजवीकडे गेलो, घटला. दोन ओढी उलट्या. त्यामुळे दोघांचे आकार जवळजवळ येतात, १५२ आणि १६०, आणि कर्ण साधणारी ही जोडी काही गुणांतही एकमेकांसारखी निघते. हुशार मुलांना हे मुद्दाम दाखवा.

एका रकान्यातले एकमेकांसारखे वागतात, हे मार्कांपुरते राहत नाही. दुसरा गण पाहा : मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. कॅल्शियम आपल्या हाडांत असतो. रेडियम १८९८ साली मेरी व पिएर क्यूरी यांनी शोधला. तो किरणोत्सारी आहे. पुढे त्याच्यापासून अंधारात चमकणारा रंग तयार झाला आणि १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्यांवरचे आकडे या रंगाने रंगवण्याचे काम कोवळ्या वयाच्या मुलींना मिळाले. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करा, असे त्यांना शिकवले होते. रंगापासून काही अपाय नाही, असेही सांगितले होते. प्रत्येक वेळी थोडा रेडियम पोटात जाई. शरीराला तो कॅल्शियमसारखाच वाटला, कारण बाहेरचे कवच तेच, रकाना तोच. शरीराने तो हाडांत नेऊन ठेवला आणि तिथे बसून तो वर्षानुवर्षे किरण सोडत राहिला. दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली, उभ्या जागी हाडे मोडली. पाच जणींनी कोर्टात दाद मागितली. खटला लांबवला गेला, काही जणींना शपथेसाठी हात वर करण्याचीही ताकद उरली नव्हती. १९२८ साली तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. कामाच्या ठिकाणी झालेल्या आजाराची जबाबदारी मालकावर टाकण्याच्या लढ्यात या मुलींचे नाव आजही घेतले जाते. त्यांना कोणी त्या उभ्या रकान्यावर बोट ठेवून दाखवले असते तर!

तसेच बाराव्या गणाचे : जस्त, त्याखाली कॅडमियम, त्याखाली पारा. जस्त शरीराला थोडे हवे असते. कॅडमियम विष आहे. पण दोघे एका रकान्यातले, त्यामुळे जमिनीतही ते सोबत सापडतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिचे कॅडमियमयुक्त पाणी नदीतून भातखाचरांत गेले, भातातून माणसांत. मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. त्रास झाला तो बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना. त्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून विव्हळत, तेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. भंगारात जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या येतात. त्या फोडणे, जाळणे हे काम मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

मात्र सारखा म्हणजे तोच नव्हे. हेही तितक्याच जोराने सांगायला हवे. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. एका रकान्यातले, म्हणून चव खारट लागते. ब्लडप्रेशर असलेल्या पुष्कळांना ते उपयोगी पडते. पण ज्याची किडनी बिघडली आहे त्याच्या रक्तात पोटॅशियम साचते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. शेजारीण म्हणाली म्हणून तर नाहीच.

सारणीच्या मर्यादाही आहेत. शिसे चौदाव्या गणात, कॅल्शियम दुसऱ्यात. तरीही शिसे पोटात गेले तर हाडांतच साठते. हायड्रोजनला पहिल्या रकान्यात बसवले आहे, पण तो धातू नाही, वायू आहे. मधल्या गणांत तर नियम उलटतातही. अकराव्या गणात तांबे, चांदी, सोने अशी आपल्या ओळखीची तिघे आहेत. तिघेही विजेचे उत्तम वाहक, पण येथे खाली गेले की चपळाई वाढत नाही, घटते. तांब्याचा हंडा हिरवा पडतो, चांदीचे पैंजण काळे पडते, सोन्याला काही होत नाही.

अठराव्या गणाबद्दल थोडे सांगतो. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. यांचे बाहेरचे कवच पूर्ण असते, म्हणून ते कोणाशी देवघेव करत नाहीत. कोणात मिसळत नाहीत म्हणून युरोपातल्या लोकांनी त्यांना ‘खानदानी’ ठरवले, आपल्याकडे ‘राजवायू’. न मिसळणे म्हणजे थोरवी, ही समजूत तिकडेही होती असे दिसते! १९६२ साली नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने झेनॉनचे संयुग तयार करून दाखवले आणि राजवायूही योग्य सोबत मिळाली तर मिसळतो हे सिद्ध झाले.

हा तक्ता केला कोणी? दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म १८३४ सालचा, सैबेरियातल्या तोबोल्स्कचा. वडील शिक्षक होते, त्यांची दृष्टी गेली. आईने काचेचा कारखाना चालवून मोठे कुटुंब पोसले. वडील वारले, कारखाना जळाला. तेव्हा ही बाई मुलाला घेऊन हजारो मैलांचा प्रवास करून मॉस्कोला आली. तिथे प्रवेश मिळेना, म्हणून पुढे सेंट पीटर्सबर्गला. १८५० साली मुलाला तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत जागा मिळाली आणि थोड्याच दिवसांत आई वारली. मुलाने काय केले हे तिला पाहायला मिळाले नाही.

१८६९ साली मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने आणि गुणांच्या सारखेपणाने मांडली. जिथे स्वभाव जुळेना तिथे त्यांनी ओढूनताणून कोणाला बसवले नाही. चौकोन रिकामा सोडला आणि म्हटले, येथे अमुक गुणांचे मूलद्रव्य आहे, ते अजून सापडायचे आहे. त्यांना नावेही दिली, आपल्या ‘एक’ या शब्दावरून : एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकाने घनता काढली ४.७. मेंडेलीव्ह यांनी दूर रशियातून कळवले की ती ५.९ असायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ती ५.९ भरली! ज्याने वस्तू हातात घेतली त्याच्यापेक्षा ज्याने फक्त तक्ता वाचला त्याचे उत्तर बरोबर आले. पुढे १८७९ साली स्कँडियम, १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि बाकीचे दोन चौकोन भरले. जर्मेनियमचे वजन त्यांनी ७२ सांगितले होते, ते ७२.६ निघाले.

वजनाच्या क्रमाने काही जोड्या मात्र उलट्या पडत. ते कोडे हेन्री मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने सोडवले : क्रम वजनाचा नव्हे, अणुअंकाचा. दोनच वर्षांनी, १९१५ साली, गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून तो मेला. वय अवघे २७.

घरी करायचे एक काम सांगतो. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पहिल्या वीस मूलद्रव्यांचे चौकोन मुलांकडून आखून घ्या आणि प्रत्येकात घरातली एक वस्तू लिहायला लावा : कॅल्शियममध्ये चुना, कार्बनमध्ये कोळसा, निऑनमध्ये दुकानाची पाटी. मग कुठलेही दोन चौकोन दाखवून विचारा : मोठा कोण, धातू कोण, देणारा कोण, घेणारा कोण? विचारणाऱ्याला विज्ञान आलेच पाहिजे असे नाही. उत्तराला कारण मागितले की पुरे.

२०१६ साली शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावे मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण भरली. १९९ वर्षे नव्हे, अवघी १४७ वर्षे लागली मेंडेलीव्ह यांच्या तक्त्यापासून इथवर यायला. आठव्या ओळीचा पहिला चौकोन, क्रमांक ११९, अजून रिकामा आहे. जपानमधले शास्त्रज्ञ तो भरण्याच्या खटपटीत आहेत. तो भरला तर त्याची जागा पहिल्या गणात, सीझियमच्या दोन घरे खाली असेल. म्हणजे बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन.